सिलिंडर हेडचा इनटेक पोर्ट घरी कसा घासावा

मुंबईत बाईक दिवसातला बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते. इनटेक पोर्ट (हेडमधली हवा-पेट्रोल आत नेणारी वाट) वाजवीपेक्षा रुंद केला, तर कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि सिग्नलवरून उचलताना गाडी गुदमरते. त्यामुळे रोजच्या गाडीत पोर्टचं माप जवळपास तेच ठेवा, फक्त वाटेतले अडथळे काढा.

डाय ग्राइंडर (हातात धरायचं, वेगाने फिरणारं घासायचं यंत्र), त्याला लावायचं ॲल्युमिनियमसाठीचं मोठ्या दात्यांचं टोक म्हणजे कार्बाइड बर, 80 नंबरचा पॉलिश पेपर, गॉगल आणि मास्क घ्या. नागदेवी स्ट्रीटच्या दुकानांत हे सामान मिळतं. बारीक दात्यांच्या बरमध्ये ॲल्युमिनियम चिकटून बसतं. चालू करण्यापूर्वी बरला मेणबत्ती घासा, दाते मोकळे राहतात.

हेड उतरवून व्हॉल्व्ह काढा, कार्बन साफ करा. व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो त्या रिंगवर, म्हणजे सीटवर, बर निसटला तर सीट पुन्हा कापावी लागते, म्हणून काम करताना तिथे जुना व्हॉल्व्ह बसवून ठेवा.

सगळ्यात जास्त फायदा सीटच्या लगेच मागे आहे. सीटची रिंग आणि ॲल्युमिनियम जिथे मिळतात, तिथे बोट फिरवा; ओतकामाची धार बोटाला लागते. ती सीटला न शिवता सलग करा. मग गाइडभोवतीचा (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्याभोवतीचा) फुगवटा दोन्ही बाजूंनी निमुळता करा, पण गाइड आखूड करू नका, व्हॉल्व्ह डगमगेल. पोर्टचा तळ जिथे सीटकडे वळतो, तिथे हात आवरा. ते वळण खोल झालं की हवा भिंत सोडते आणि फ्लो उलट घटतो. तिथली फक्त धार मोडा.

तोंडाशी गॅस्केट ठेवून मार्करने रेघ मारा. हेडचं तोंड मॅनिफोल्डपेक्षा (कार्ब्युरेटरकडून हेडला येणाऱ्या नळीपेक्षा) लहान असेल, तर हवा त्या पायरीवर आपटते. तेवढंच घासा, आत हळूहळू मूळ मापाला मिळवा. भिंत किती जाड आहे ते बाहेरून कळत नाही. एकदा आरपार गेलं की हेड वेल्डिंगला.

शेवटी 80 नंबर फिरवून थांबा. कार्ब्युरेटरच्या इंजिनात इनटेक आरशासारखा चकचकीत करू नका. किंचित खडबडीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब साचून राहत नाहीत.

हेड साबणाच्या पाण्याने धुवा, लगेच हवा मारून सुकवा. पावसाळ्यात स्टीलच्या भागांवर गंज पटकन चढतो. घासायची पेस्ट लावून व्हॉल्व्ह लॅप करा, म्हणजे सीटवर फिरवून घट्ट बसेल असा घासा, पेस्ट पूर्ण पुसा, स्प्रिंगा बसवा आणि पोर्टमध्ये रॉकेल ओता. पाच मिनिटांत सीटमधून पाझरलं, तर पुन्हा लॅप करा.

जोडल्यावर फुल थ्रॉटलला गाडी पळवून प्लग बघा. पांढरा दिसला तर पेट्रोल कमी पडतंय; मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) एक नंबर मोठा टाका, नंतर पीयूसी करून घ्या.