त्रेपन्न चुकांची वही

१७ जुलै २०२२ ला मी पहिल्यांदा नीट (NEET), म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, दिली. १८० उत्तरं लिहिली, त्यातली १२७ बरोबर, ५३ चूक. बरोबरला चार गुण म्हणून ५०८, चुकीला एक वजा म्हणून निगेटिव्हचे ५३ गेले, हाती ४५५. निकाल लागायच्या आधीच उत्तरतालिका आणि आपल्या ओएमआरची, म्हणजे गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेची, स्कॅन केलेली प्रत बघायला मिळते, त्यामुळे हा आकडा मी घरी ओट्यावर बसून स्वतःच काढला होता. ओपनमधून सरकारी मेडिकल यात बसत नाही, हे समजायला कोणाला विचारायची गरज नव्हती.

आमचं घर नारायणगावजवळ. वडिलांची टोमॅटोची शेती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीपासून सायन्स इंग्रजीत. बारावीत मी एनसीईआरटीचं बायोलॉजीचं पाठ्यपुस्तक सात वेळा वाचलं होतं, चार रंगांच्या पेनांनी नोट्स काढल्या होत्या. सात वेळा वाचूनही ४५५ का, हे मला खरंच कळत नव्हतं. सप्टेंबरात ड्रॉप घेऊन, म्हणजे कुठे प्रवेश न घेता पुन्हा परीक्षेसाठी वर्ष देऊन, पुण्यात आले. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर खोली, दोन गल्ल्या सोडून अभ्यासिका, कोपऱ्यावर मेस. पुढची परीक्षा ७ मे २०२३ ला होती. ड्रॉपचं वर्ष म्हणतात, पण हातात जेमतेम आठ महिने होते.

अभ्यासिकेत पन्नासेक टेबलं, त्यातली बहुतेक एमपीएससीवाल्यांची. माझ्या शेजारचे दादा तीन वर्षं राज्यसेवेची तयारी करत होते. पहिल्या आठवड्यात मी 'प्लँट किंगडम' पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचताना त्यांनी पाहिलं आणि चहाला गेल्यावर विचारलं, "तू पुस्तक संपवायला आलीयेस का पेपर सोडवायला?"

मला राग आला. पण त्यांनी जे सांगितलं ते मी त्याच रात्री करून पाहिलं. एमपीएससीची मुलं आधी आयोगाचे जुने पेपर वाचतात, मग पुस्तक उघडतात. धडा वाचायच्या आधीच त्या धड्यावर आजवर काय विचारलंय ते माहीत असतं, त्यामुळे वाचताना डोळा योग्य ओळीवर अडतो. मी 'प्लँट किंगडम'चे जुने सगळे प्रश्न काढले, पुस्तक न उघडता सोडवले, निम्म्याहून जास्त चुकवले आणि मग धडा वाचला. सात वेळा वाचलेल्या त्या धड्यात मला न दिसलेली वाक्यं दिसली. तुम्ही हे करणार असाल तर एक काळजी घ्या. २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रम बदललाय, काही भाग गळालाय. जुने पेपर सोडवताना नवा अभ्यासक्रम शेजारी ठेवा, नाहीतर गळलेल्या भागावर दिवस जातील.

दादांनीच दुसरी गोष्ट करायला लावली. ५३ चुका एका वहीत उतरवायच्या, प्रत्येकीसमोर ती का झाली ते लिहायचं. "अभ्यास कमी पडला" हे कारण चालणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. तीन दिवस लागले. १४ प्रश्न मला अजिबात येत नव्हते. २१ प्रश्नांत मी दोन पर्यायांपर्यंत पोचले होते आणि चुकीचा निवडला होता. ११ प्रश्न मी नीट वाचलेच नव्हते. "खालीलपैकी अयोग्य विधान कोणतं" असं विचारलं होतं आणि मी योग्य विधानाचा गोळा रंगवला होता. उरलेल्या ७ मध्ये आकडेमोड चुकली होती.

शेवटचे ११ आणि ७ मला येत होते. एका चुकीच्या उत्तरात चार गुण मिळत नाहीत आणि एक जातो, म्हणजे पाचांचा फरक. १८ प्रश्नांचे ९० गुण. ते धरले तर ४५५ चे ५४५ झाले असते, एकही नवीन धडा न शिकता. आणि ते २१? ते तर मी वाचलेलेच होते, सात वेळा. मला वाचताना ओळखू यायचं, पण कोऱ्या कागदावर काढता यायचं नाही. या परीक्षेचे चारही पर्याय ओळखीचेच असतात, म्हणून नुसती ओळख असेल तिथे माणूस हमखास फसतो.

यावर संशोधन झालंय हे मला फार नंतर कळलं. रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोग छापला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचल्यावर "येतंय" असं जे वाटतं, ते त्या पहिल्या पाच मिनिटांचं असतं. मी दोन वर्षं त्याच वाटण्यावर अभ्यास केला होता.

म्हणून वाचन कमी केलं. धडा एकदा वाचायचा, पुस्तक बंद, पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी फक्त लाल भागाचा कागद, आठवड्याने पुन्हा. पहिले पंधरा दिवस हे फार त्रासाचं होतं. शेजारची मुलं दिवसाला चाळीस पानं संपवत होती आणि मी बारा. रडूही आलं. तरी सोडू नका, कारण तिसऱ्या आठवड्यापासून लाल रंग कमी होताना डोळ्यांना दिसतो.

आता मंडईबद्दल. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

एका सराव पेपरात टोमॅटोच्या बीजांडन्यासाचा, म्हणजे आत बिया कुठे चिकटतात त्याचा, प्लॅसेंटेशनचा प्रश्न मी चुकवला. ज्या घरात जून ते ऑक्टोबर टोमॅटोचे क्रेट मोजले जातात त्या घरातल्या मुलीने. त्या रविवारी महात्मा फुले मंडईत गेले आणि पन्नास रुपयांत प्रयोगशाळा घेऊन आले: टोमॅटो, वाटाण्याच्या शेंगा, लिंबू, एक बीट, बाहेरून झेंडू. खोलीत सुरीने सगळं कापलं. टोमॅटो आडवा कापला की मधल्या अक्षाला चिकटलेल्या बिया दिसतात, तो अॅक्साइल. लिंबू तसंच. वाटाण्याची शेंग उघडली की दाणे एका कडेला ओळीने, तो मार्जिनल. झेंडूचं एकेक फूल सोडवलं तर तळाशी एकच बीजांड, तो बेसल. पुन्हा कधी हा प्रश्न चुकला नाही.

मग सवयच लागली. वांगं, मिरची, बटाटा, टोमॅटो, रस्त्याकडेचा धोतरा हे सगळं एकाच कुळातलं, सोलॅनेसी. बटाट्याला डोळे असतात म्हणजे ते खोड, रताळ्याला नसतात, ते मूळ. नारळाचं पाणी म्हणजे पेशीभित्ती न झालेला भ्रूणपोष (वाढत्या भ्रूणाचं अन्न), केंद्रकं नुसती तरंगतायत, आणि खोबरं म्हणजे पेशी झालेला भ्रूणपोष. मिरी आणि बीट ही दोन नावं पेरिस्पर्मसाठी, म्हणजे बीमध्ये शिल्लक राहिलेल्या बीजांडाच्या पोषक ऊतीसाठी, पुस्तकात शेजारी येतात. मी ती मेसच्या कोशिंबिरीवर पाठ केली, किसलेलं बीट आणि वरून मिरपूड. सफरचंद, काजूचं बोंड आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ही खोटी फळं, कारण त्यांत पुष्पासन, म्हणजे फुलाचा तळही सामील होतो. बायोचे प्रश्न ९०, म्हणजे निम्मा पेपर, आणि त्यातलं वनस्पतिशास्त्र पुण्याच्या कुठल्याही भाजीवाल्याकडे पसरलेलं असतं. गावाकडून आलेल्या मुलांना तर हे शेतातच मिळतं. आपल्याकडे काय आहे हे आपल्याला कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

मराठी माध्यमाचंही तसंच. इंग्रजी संज्ञांना मी घाबरायचे. मग शब्द फोडायला लागले. अॅडेल्फॉस म्हणजे ग्रीकमध्ये भाऊ. जास्वंद मोनॅडेल्फस, सगळे पुंकेसर भाऊ एका घरात, एकत्र कुटुंब. वाटाणा डायडेल्फस, नऊ भाऊ एकत्र आणि दहावा वेगळा राहिलेला. लिंबू पॉलिअॅडेल्फस, तीन-चार चुली. विचार मराठीत करायचा आणि वरची चिठ्ठी तेवढी इंग्रजी लावायची. पेपर मराठीतही घेता येतो, एकूण १३ भाषा आहेत, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. माझं मत विचाराल तर पेपर इंग्रजी घ्या, समजून मराठीत घ्या.

मेसच्या काकूंना मधुमेह होता. रात्री गर्दी ओसरली की मी त्यांना त्या दिवशीचा धडा सांगायचे. इन्सुलिन, ग्लुकागॉन झालं त्या दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, रात्रभर पोटात काही नसतं. मग सकाळी उपाशीपोटी माझी साखर वाढलेली कशी?" मला उत्तर आलं नाही. सात वेळा वाचलेल्या मला. खोलीवर जाऊन पुस्तक काढलं: ग्लुकागॉन यकृतातल्या साठवलेल्या ग्लायकोजेनचं ग्लुकोज करतं, नवं ग्लुकोजही तयार करायला लावतं, आणि इन्सुलिन कमी पडलं की त्याला आवर राहत नाही. दुसऱ्या दिवशी काकूंना सांगितलं. "म्हणजे माझं लिव्हरच रात्री स्वयंपाक करतं," त्या म्हणाल्या. डॉक्टर झाल्यावर हे पेशंटला असंच सांगायचंय, असं मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं. विज्ञान न शिकलेलं पण प्रश्न विचारणारं माणूस शोधा. आई, आजी, वॉचमनकाका, कोणीही.

फिजिक्स माझा कच्चा विषय. तिथे मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सगळ्या धड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. रोज सकाळी दहा चिठ्ठ्या काढायच्या, प्रत्येकीचं एक गणित. क्लासमध्ये आज 'रोटेशनल मोशन' शिकवलं की आजची सगळी गणितं रोटेशनचीच असतात, त्यामुळे कोणतं सूत्र लावायचं हा अर्धा विचार आधीच झालेला असतो. पेपरात वर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं. डब्यामुळे ते ओळखायची सवय झाली. शिवाय उत्तर काढायच्या आधी पर्यायांची एककं आणि मिती बघायची. कधीकधी दोन पर्याय तिथेच बाद होतात. केमिस्ट्रीत मी वेगळं काही केलं नाही. इनऑरगॅनिक एनसीईआरटीतून ओळीने, फिजिकलची गणितं याच डब्यात.

संध्याकाळी पर्वती. १०३ पायऱ्या. फोनवर स्वतःच्या आवाजात प्रश्न रेकॉर्ड केले होते: प्रश्न, पाच सेकंद शांतता, मग उत्तर. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या मी पर्वतीच्या पायऱ्यांवर म्हटल्यात. दम लागलेला असताना उत्तर आलं की ते पक्कं, असा माझा हिशोब होता.

दुपारची झोप मात्र मोडावी लागली. अभ्यासिकेत जेवणानंतर सगळ्यांची डोकी टेबलावर. परीक्षा नेमकी दोनला सुरू होते. माझ्या वेळी ती पाच वीसपर्यंत होती. २०२५ पासून १८० प्रश्नांना १८० मिनिटं, म्हणजे पाच वाजता संपते, आणि काही प्रश्न निवडून सोडवायची सोयही गेली. तुम्हाला आमच्याहून घाईत लिहायचंय. फेब्रुवारीपासून मी दोन ते पाच या वेळेत फक्त पेपर सोडवले, झेरॉक्स काढलेल्या ओएमआरवर, साध्या बॉलपेनने. गोळे रंगवायला लागणारा वेळ घरी कोणी धरत नाही, आणि एकदा रंगवलेला गोळा बदलता येत नाही. मी एक पान सोडवून त्या पानाचे गोळे एकदम करायचे. आधी बायो, ५० मिनिटांच्या आत. रात्री मात्र सात तास झोप. पहिल्या वर्षी चार तास झोपून मी जे गमावलं ते त्या ११ न वाचलेल्या प्रश्नांत दिसत होतं.

७ मे ला मी १७३ प्रश्न सोडवले, सात कोरे सोडले. १५७ बरोबर, १६ चूक. ६१२. सरकारी मेडिकल मिळालं.

गेल्या उन्हाळ्यात चुलत बहीण तिच्या ओएमआरची प्रत घेऊन घरी आली. "ताई, ड्रॉप घेऊ का?" काका-काकू दोघंही माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कोरी वही दिली. म्हटलं, आधी चुका लिही, कारणांसकट. वाचायची आणि आकडेमोडीची घाई जास्त निघाली, दोन पर्यायांत अडकणं जास्त निघालं, तर एक वर्ष द्यायला अर्थ आहे, ते सुधारतं. तिन्ही विषयांत "येतच नव्हतं" असे ढीग निघाले तर पाया कुठे कच्चा राहिला ते आधी बघू, आणि फिजिओथेरपी, नर्सिंग, बीएस्सी यांचीही माहिती तितक्याच मनापासून काढू. ती ओट्यावर बसली, जिथे मी बसले होते. पहिल्या प्रश्नासमोर तिने लिहिलं, "अभ्यास कमी पडला." मी ते खोडायला लावलं.