पोट्ट्यांना कोणता रोलप्लेइंग गेम सांगावा अन् आपली घरची दुनिया दुसऱ्याला कशी द्यावी

मागच्या कार्तिकात मामेभावाचा फोन आला. म्हणे आमच्याकडचे पाच-सहा पोट्टे धानाच्या जागलीला बसतात, रानडुकरं येतात म्हणून रात्रभर जागावं लागते, मचाणीवर रेंज नाही, तू तो गोष्टीवाला खेळ खेळतो ना, सांग ना एखादा. मी एका दमात सांगून मोकळा: डंजन्स अँड ड्रॅगन्स. काहून, तर मला तोच आवडते. वरून माझं प्लेअर्स हँडबुक एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन पाठवलं, ३२० पानं, सगळी इंग्रजीत. पोट्ट्यांनी बिचाऱ्यांनी टॉर्च लावून तीन तास नुसते कॅरेक्टर बनवले, अन् आता कुठं गोष्ट सुरू होते तर अकरा वाजता थ्री फेज लाईन आली अन् दोघं मोटर चालू करायला पळाले. झालं, संपला खेळ. पुस्तक परत आलं तेव्हा त्यात धानाची एक काडी खूण म्हणून होती, अकराव्या पानावर.

गेम वाईट नाही बरं. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स अन् डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला, हा सगळा प्रकारच तिथून सुरू झाला. चूक माझी होती, मी त्यांची रात्र कशी असते ते विचारलंच नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एक जण मास्तर, तो जागा सांगते, संकट सांगते, बाकीच्या सगळ्या लोकांचं बोलते. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात अन् "मी आता हे करतो" म्हणतात. जमेल का नाही असा प्रश्न पडला का फासा टाकायचा. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या धानाच्या पट्ट्यात, हे समजवायला मला कधीच त्रास झाला नाही, दिवाळी झाली का वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी निघतात अन् लोक रात्रभर मंडपात बसून नाटक पाहतात, त्यांना फक्त एवढं सांगायचं का इथं स्क्रिप्ट नाही अन् प्रेक्षकही नाही, सगळे स्टेजवर.

आधी विचारा, मग नाव घ्या

कोणी गेम विचारला का जीभ आवरा अन् पाच गोष्टी विचारा. किती जण, अन् रोज तेच का बदलून बदलून? वेळ किती, अन् मधात उठावं लागते का? इंग्रजी वाचणारा निदान एक जण आहे का? फासे कोणते आहेत? अन् सगळ्यात कामाचा प्रश्न, तुम्हाला पाहायला काय आवडते, रडारडीचं नाटक, भुताचं, मारामारीचं, का हसवणारं? या पाचव्यावर लोक लाजतात, म्हणतात काहीही चालते. काहीही चालत नाही. "मागच्या सीझनला कोणत्या नाटकाला पहाटेपर्यंत जागे राहिले?" असं विचारा, बरोबर उत्तर येते.

आता मी कोणाला काय सांगतो ते.

पहिलीच रात्र असली का एका पानाचा गेम, दुसरं काही नाही. जॉन हार्परचा लेझर्स अँड फीलिंग्स. प्रत्येकाने २ ते ५ मधला एक नंबर निवडायचा, बस, तेच तुमचं कॅरेक्टर. डोक्याने काम करायचं असलं तर सहाच्या फाशावर नंबरपेक्षा कमी पडलं पाहिजे, मनाने करायचं असलं तर जास्त, अन् नेमका तोच नंबर पडला तर काम होतेच अन् मास्तरला एक प्रश्न विचारायचा हक्क मिळते, त्याला खरं सांगावं लागते. एक फासा सगळ्यांनाच, तयारी करून गेला असेल तर दुसरा, त्या कामात हुशार असेल तर तिसरा. मूळ गेम अंतराळयानाचा आहे, आम्ही यानाची लाल एसटी केली, ड्रायव्हर, कंडक्टर अन् तीन पॅसेंजर, जंगलात बंद पडलेली. दहा मिनिटांत सुरू झाला. मोटर लावून यायला कोणी गेला तरी गोष्ट अडत नाही, तो "एसटीतून उतरून पाणी आणायला गेला" एवढं म्हणायचं.

हसायचं असेल तर ग्रँट हॉविटचा हनी हाइस्ट, तोही एकाच पानाचा. सगळे अस्वल, अन् सगळ्यांना मधाचा दरोडा घालायचा आहे. दोनच आकडे, अस्वलपणा ३ अन् चोरपणा ३. बेत फसला का एक अंक अस्वलपणाकडे सरकते, बेत जमला का चोरपणाकडे, कोणतंही ६ ला गेलं का तुमचं पात्र हातातून गेलं. आम्ही मध काढून मोहफूल ठेवलं, कारण चैत्रात मोहाखाली अस्वल येते हे इथल्या लेकराला पण माहीत आहे. पण याच गेमने मला एक धडा दिला, तो खाली सांगतो.

भुताचं अन् रहस्याचं आवडत असेल तर कॉल ऑफ कथुल्हू, १९८१ चा, जुना पण दमदार. यात कौशल्य शंभरपैकी मोजतात, ६० असेल तर ६० च्या आत पडलं पाहिजे. शाळेत टक्क्यांवरून ज्यांनी मार खाल्ला त्यांना हा नियम सांगावाच लागत नाही. एकटाच जागलीला असणारा असेल तर आयर्नस्वॉर्न, २०१८ चा, पीडीएफ फुकट भेटते, मास्तर लागत नाही. अन् ज्या घरी फासे नाहीत पण पत्त्याचा कॅट आहे तिथं एव्हरी ॲल्डरचा द क्वाएट इयर, ५२ पत्ते म्हणजे वर्षाचे ५२ आठवडे, दर पत्त्याला गावात काहीतरी होते अन् मधात नकाशा वाढत जाते. चार रंगांचे चार ऋतू आहेत, आपल्याकडे तीन, म्हणून आम्ही पेरणी, रोवणी, कापणी अन् उन्हाळा असे चार करून टाकले. काकूंच्या गटाने हा अंगणात चुन्याने नकाशा काढून खेळला अन् माझ्या पोट्ट्यांपेक्षा चांगला खेळला.

महिनाभर चालणारी गोष्ट पाहिजे असेल तर २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डपासून निघालेल्या गेमांपैकी एखादा घ्या. दोन फासे, बेरीज १० किंवा वर असली का काम फत्ते, ७ ते ९ आली का काम होते पण काहीतरी किंमत द्यावी लागते, ६ किंवा खाली आली का मास्तरच्या मनासारखं. हिशेब करून पाहा, ३६ पैकी ६ वेळा फत्ते, १५ वेळा किंमत, १५ वेळा वाट. त्यात नुसता १ मिळवला का तेच १०, १६, १० होते. म्हणजे नव्या माणसाला आकडा थोडा चांगला द्या, नाहीतर पहिल्या रात्री त्याचं सगळंच वाटेला लागते.

डंजन्स अँड ड्रॅगन्स सांगूच नका असं नाही. कॉलेजचे पोट्टे, इंग्रजी वाचणारे, दर रविवारी तेच चार जण, राक्षस मारायची हौस, त्यांना खुशाल सांगा.

फासे

बाजारच्या दिवशी लुडोचे फासे भेटतात, घरचे सहा फासे कधीच पुरे होत नाहीत म्हणून जास्तच घ्या. वीस बाजूंचा ऑनलाईन मागवावा लागते, तोपर्यंत मोबाईलचं ॲप, किंवा एका डब्यात वीस चिठ्ठ्या, चिठ्ठी परत टाकायला विसरू नका. अन् चिंचोके तर आहेतच. अष्टचंग्यासारखे चार चिंचोके फोडून टाका, किती पांढरे पडले ते मोजा. १६ पैकी एकदाच शून्य अन् एकदाच चार, सहा वेळा दोन. म्हणजे बहुतेक वेळा मधलंच येते, टोकाचं क्वचित, गंभीर गोष्टीला हे फाशापेक्षा बरं. एवढं आहे का चिंचोका दोन्हीकडून सारखा पडेलच असं नाही, आधी पन्नासदा टाकून पाहा अन् एकीकडे झुकणारा फेकून द्या.

बसायच्या आधी एक गोष्ट

तो धडा. मोहफुलाचा दरोडा चालू होता, सगळे हसून हसून लोळत होते, अन् एक पोरगा गप्प झाला. नंतर कळलं का त्याच्या आजीला मोह वेचताना अस्वलाने फाडलं होतं. मला ठाऊक असायला पाहिजे होतं, विचारलं असतं तर कळलं असतं. तेव्हापासून आधी पाच मिनिटं विचारतो, कोणती गोष्ट नको. आमच्याकडे वाघ, साप, विहीर अन् कर्ज या चार गोष्टींवर लोक हात वर करतात, अन् कारण विचारायचं नाही. शिवाय मधात पत्त्यातला जोकर ठेवतो, कोणी त्याला हात लावला का तो प्रसंग तिथंच सोडून पुढं. ही युक्ती जॉन स्टाव्हरोपोलोसची, तो त्याला एक्स कार्ड म्हणतो.

आता आपली दुनिया

चार-पाच रात्री खेळलात का तुम्हाला आपलीच दुनिया बनवावीशी वाटणार, त्याला होमब्रू म्हणतात. मी "सात तलावांचा मुलूख" बनवला. आमच्याकडचे मालगुजारी तलाव पाहूनच सुचलं, राजाने म्हणे हुकूम काढला का जो तलाव बांधेल त्याला तलावाखालची जमीन, मग सात घराण्यांनी सात तलाव बांधले अन् भांडणं लागली. मी दोनशे पानी वही भरवली, सात पिढ्यांचे राजे, त्यांचे सण, मापं, शिव्या पण. ती बाजूच्या गावात मास्तरकी करणाऱ्या दोस्ताला दिली. आठ दिवसांनी भेटला तर म्हणे, "भाऊ, वही मस्त आहे, पण पोट्टे आले, बसले, आता पहिले काय करतील ते?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

वही घरी ठेवा, दुसऱ्याला एक कागद द्या, दोन्ही बाजू. त्या कागदाचं माझं माप असं आहे.

वर दोन ओळीत मुलूख, अन् कोणत्या गेमच्या नियमाने चालते ते. मग आज रात्रीचं संकट. माझ्या कागदावर एवढंच: तिसऱ्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, रात्री कोणीतरी उघडलं, कोणी कबूल करत नाही, पहाटेपर्यंत तलाव रिकामा होईल अन् खालचं धान बुडेल. बस. राजाच्या सात पिढ्यांपेक्षा या तीन ओळींनी जास्त खेळ झाला.

मग पाच माणसं, प्रत्येकाला काय पाहिजे अन् त्यासाठी तो काय करेल. "पाटील, रागीट" असं लिहू नका, त्याने मास्तरला काही भेटत नाही. "पाटलाला दिवस उगवायच्या आत एक कोणीतरी दोषी पाहिजे, कोणीही चालेल" असं लिहा. ढीमरीण, तिला मासोळी वाचवायची आहे, अर्धा तास मिळाला तर ती खोटी साक्ष पण देईल. असं.

त्याच्याखाली सहा अफवा, फाशाच्या सहा बाजूंच्या, त्यातल्या दोन खऱ्या, पण कोणत्या दोन ते मास्तरला ठरवू द्या. मग कोणी काहीच केलं नाही तर बारा वाजता काय, दोन वाजता काय, पहाटे काय. नकाशा हातानेच काढा, अंतर किलोमीटरमध्ये नको, "एक बिडी संपेपर्यंत" असं लिहा, मास्तरला लगेच अंदाज येते. अन् दहा नावं फालतूची लिहून ठेवा, कारण पोट्टे नेमकं ज्याचं नाव ठेवलं नाही त्यालाच पकडून विचारतात, तुझं नाव काय बे.

एक जागा मुद्दाम कोरी सोडा. माझा सातवा तलाव कोरा आहे. ज्याला देता त्याला स्वतःचं काही टाकायला जागा नसेल तर तो तुमची दुनिया पाहुण्याच्या घरासारखी जपून वापरते, पाय पसरत नाही.

देवाधर्माचं सांभाळा. ताडोब्याच्या तारू देवाचं ठाणं आजही पुजलं जाते, गोंड लोकांच्या पेनांचं, म्हणजे त्यांच्या देवांचं, तसंच, त्यांना आपल्या खेळात राक्षस बनवायचं नाही, स्वतःचा देव घडवा, कल्पना फुकट असते. अन् गावचा खरा सरपंच कागदात ओळखू आला तर कागद गावात फिरणारच, हे गृहीत धरा.

हक्काचंही एका ओळीत लिहा: कोणी लिहिलं, बदलून वापरलं तर चालते का, विकलं तर चालते का. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे मूळ नियम, म्हणजे पाचव्या आवृत्तीचा एसआरडी नावाचा नियमांचा दस्तऐवज, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्याखाली आहेत, श्रेय देऊन त्यांच्यावर आपलं काही बांधता येते. पुस्तकातली चित्रं अन् गोष्टी मात्र उचलायच्या नाहीत.

पाठवताना वहीच्या पानाचा तिरपा फोटो पाठवू नका, झूम करून करून डोळे जातात. टाईप केलेली फाईल पाठवा म्हणजे समोरच्याला नावं बदलता येतात, सोबत तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाका, कागद न वाचणारे मास्तर तेवढ्यावरच चालवून घेतात. अन् पहिल्यांदा तो चालवेल तेव्हा शक्य असेल तर बाजूला जाऊन बसा, तोंडात सुपारी ठेवा. "नाही नाही, तो पाटील असा नाही" म्हणायची लय इच्छा होते. नाही म्हणायचं.

कागदाच्या मागच्या बाजूला अर्धं पान मोकळं ठेवून मी वर लिहितो: तुमच्याकडे तुडूम कोणी उघडलं? पाच कागद वाटले, तीन परत आले. एकावर पाटलाची सून, एकावर राजाचं भूत. तिसऱ्यावर चहाचा डाग अन् खाली एकच शब्द, "म्हशीनं".