छोट्या विमानातून हिमनदी टिपायची तर आधी खिडकीची चौकशी करा

अलास्कात राहायला आलो त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी टॉकीट्ना गावाहून पहिल्यांदा छोट्या विमानात बसलो. अंगात पिवळाधमक रेनकोट. तासाभरात ३४० फोटो काढले आणि घरी येऊन बघतो तर प्रत्येक हिमनदीवर हळद सांडलेली. खिडकीच्या काचेत माझाच रेनकोट! बायको म्हणाली, "हळदीचा कार्यक्रम छान झालाय." त्यानंतर दर उन्हाळ्यात एकदा-दोनदा तरी उडतोच. कोल्हापूरहून कोणी आलं की त्यांनाही नेतो. अँकरेजहून टॉकीट्नापर्यंतच्या १८५ किलोमीटरच्या रस्त्यावर मी त्यांचं जे डोकं खातो, ते एकदाचं लिहून काढतोय.

पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. विमान कुठलं, आणि खिडकी उघडते का? बाकी सगळं नंतर. ठरलेल्या सहलींना बहुतेक वेळा बीव्हर किंवा ऑटर असतं. विमानं सुरेख, पण सगळ्या खिडक्या बंद आणि वैमानिक सगळ्या प्रवाशांचा, एकट्या तुमचा नव्हे. जमत असेल तर दोघा-तिघांत मिळून सेसना १८५ सारखं विमान घ्या. त्याचे पंख वर असल्यामुळे खाली बघायला आडकाठी नाही. खिडकी वरच्या बाजूला बिजागरीवर उघडते आणि तिला अडवणारी एक छोटी दांडी असते. वैमानिकाने निघण्याआधी ती सोडवली की हवेत वाऱ्याच्या झोतानेच खिडकी पंखाखाली जाऊन उघडी राहते. हे काम त्याचं, आपण स्क्रू ड्रायव्हर काढायचा नाही. एकटेच असाल तर सुपर कब या चिमुकल्या विमानासारखं वाहन नाही. पुढे वैमानिक, मागे तुम्ही, आणि उजवीकडचं दार मधोमध दुभंगतं. अर्धं वर, अर्धं खाली. उडता उडता ते उघडलं की रिक्षातून बाहेर बघितल्यासारखं बघायचं.

एकदा फोनवर मला "खिडकी उघडते" असं सांगितलं आणि धावपट्टीवर भलतंच विमान उभं होतं, काचा पक्क्या बसवलेल्या. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून विमानाचा प्रकार ईमेलवर लिहून घेतो.

वजन खरं सांगा, कॅमेऱ्याच्या बॅगेसकट. कोण कुठे बसणार हे वजनावर ठरतं. पाहुण्यांमध्ये हा प्रसंग नाजूक असतो. आमच्या एका मामांनी दहा किलो कमी सांगितले, मग वजनकाट्यावर उभं केल्यावर त्यांची रवानगी मागच्या आसनावर झाली आणि परत येईपर्यंत ते कोणाशी बोलले नाहीत.

वेळेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण फोटो बिघडतात ते बहुतेक इथेच. लोक दुपारचं विमान घेतात, उजेड भरपूर म्हणून. डोक्यावरच्या उन्हात बर्फ पत्र्यासारखा सपाट दिसतो. ढगाळ असेल तर त्याहून वाईट. मोटार मावेल एवढ्या भेगासुद्धा नाहीशा होतात, कारण भेग आपल्याला दिसते ती तिच्या सावलीमुळे. जूनच्या शेवटी इथे सूर्य रात्री साडेअकराच्या आसपास मावळतो. म्हणजे संध्याकाळी आठ-नऊचं उड्डाण मिळालं तर तिरपं ऊन आणि लांब सावल्या फुकट. मी मात्र जुलैचा शेवट ते ऑगस्ट पसंत करतो. जूनमध्ये खालच्या भागावरही हिवाळ्याची चादर शिल्लक असते. ती वितळली की खरा बर्फ उघडा पडतो आणि वर निळी डबकी साचतात. हा निळा रंग आभाळाचं प्रतिबिंब नव्हे. बर्फ आणि पाणी दोन्ही उजेडातला तांबडा भाग शोषून घेतात, उरतो तो निळा.

आणि डेनालीच्या शिखरामागे लागू नका. डोंगर ६१९० मीटर, ढगांचा लाडका. इथे येणाऱ्यांपैकी साधारण तीस टक्क्यांनाच तो दिसतो आणि दिसला तरी फोटो पोस्टकार्डासारखाच येतो. खाली बघा. नववीच्या भूगोलात हिमोढ, म्हणजे हिमनदीने वाहून आणलेले दगडगोट्यांचे ढीग, पाठ केले होते ना? पार्श्व, मध्य, अंत्य. पाच मार्कांसाठी घोकलेला मध्य हिमोढ मी काहिल्ट्ना हिमनदीवर पहिल्यांदा बघितला तेव्हा मोठ्याने "अरे, हा तोच!" म्हणालो आणि हेडसेटमधून ते सगळ्या विमानाने ऐकलं. दोन हिमनद्या मिळतात तिथे त्यांच्या काठांवरचे दगडगोटे एकत्र होऊन मधोमध काळी रेघ ओढली जाते. काहिल्ट्ना ७० किलोमीटरांहून लांब आहे आणि तिच्यावर अशा रेघा मैलोन् मैल शेजारी शेजारी जातात. फोटोसाठी याच रेघा धरा. एक रेघ कोपऱ्यातून आत येऊ द्या आणि वळणाबरोबर वर जाऊ द्या. सुसिट्ना हिमनदीवर या रेघांना वेढे पडलेत, कारण ती अधूनमधून एकदम जोराने सरकते. मकार्थी गावाहून उडालात तर गेट्स हिमनदीवर हिमप्रपाताखाली (हिमनदी तीव्र उतारावरून तुटत उतरते तिथे) काळे-पांढरे पट्टे दिसतील. एक काळा आणि एक पांढरा मिळून हिमनदीच्या सरकण्याचं एक वर्ष.

रूथ हिमनदीच्या घळीत मात्र वर बघायलाच लागतं. दोन्हीकडे ग्रॅनाइटच्या भिंती बर्फापासून सुमारे दीड हजार मीटर चढतात. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर आहे, म्हणजे बघा. पायाखालचा बर्फ आणखी किलोमीटरभर खोल. हे सगळं एका फोटोत येत नाही. मी दहा वेळा प्रयत्न केलाय. एखादं दुसरं विमान खालून जात असेल तर त्याच्यावर रोखा. त्या ठिपक्यामुळे भिंतीची उंची कळते. आपल्याच विमानाची सावलीही चालते, किंवा काहिल्ट्नाच्या तळावरचे गिर्यारोहकांचे तंबू.

आता कॅमेरा. शटर १/१००० सेकंदाहून हळू ठेवायचं नाही, लांब भिंग असेल तर १/२०००. छिद्र एफ ५.६ पुरे. समोरचं सगळं इतकं दूर असतं की जास्त बारीक करून काही मिळत नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) आपोआप वर-खाली होऊ द्या. कॅमेऱ्याला पांढरं दिसलं की तो त्याला करडं करू पाहतो, म्हणून एक्सपोजर एक पायरी वर ठेवा आणि पहिल्या चार फोटोंनंतर हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, बघा. उजवी कड कापली जात असेल तर थोडं खाली. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. फोकससाठी कोऱ्या बर्फावर रोखलंत तर भिंग नुसतं घुर्रघुर्र करत राहतं. लांबच्या काळ्या हिमोढाच्या कडेवर फोकस धरायचा, मग ऑटो बंद करून रिंगला चिकटपट्टी. भिंग हवेत बदलायचं नाही. दोन कॅमेरे असले तर उत्तम, नसतील तर २४-१०५ मिमीच्या झूम भिंगावर भागवा. माझे निम्म्याहून जास्त आवडते फोटो त्याच भिंगाचे आहेत.

कोपर, खांदा, कॅमेरा यांपैकी काहीही विमानाला टेकवू नका. इंजिनची थरथर थेट फोटोत उतरते. पाठ आसनापासून सोडून, कोपरं पोटाशी धरून बसायचं. तासाभराने पाठ बोलते, पण फोटो धारदार येतात.

खिडकी उघडी असेल तर भिंगाचं हूड (पुढची झापड), फिल्टर, टोपी, गळ्यातला स्कार्फ, सगळं निघण्याआधीच काढून ठेवा. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे. भिंग चौकटीच्या आतच ठेवायचं. इंचभर बाहेर गेलं तरी वारा ते हिसकतो. माझं एक रबरी हूड काहिल्ट्नावर कुठेतरी पडलंय. वैमानिक त्यावर फार चिडला होता आणि त्याचं बरोबर होतं. ते शेपटीवर आदळलं असतं तर?

खिडकी बंदच असेल तर काळा टी-शर्ट आणि काळे हातमोजे. (रेनकोट नको.) रबरी हूड काचेच्या अगदी जवळ, पण टेकवायचं नाही. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) काढाच. विमानाची काच म्हणजे ॲक्रिलिक, तिच्यातल्या ताणामुळे फोटोत इंद्रधनुषी डाग येतात. काच पुसायची असेल तर वैमानिकाला सांगा. कागदी नॅपकिनने घासलीत तर चरे तुमचेच.

वैमानिकाशी जमिनीवर पाच मिनिटं बोलून घ्या. कागदावर हिमनदीचं चित्र काढून दाखवलं तरी चालेल. "उजवा पंख खाली करून एक वळण" हे त्याला लगेच कळतं. विमान तुमच्या बाजूला कललं की खालचा बर्फ समोर येतो. पंखाचा तिरका खांब दर फोटोत मध्ये येईल, त्याच्या पुढची किंवा मागची मोकळी जागा धरा. दिशा घड्याळावरून सांगतात. बारा म्हणजे नाकासमोर, तीन म्हणजे सरळ उजवीकडे. पहिल्यांदा तो "दोन वाजता" म्हणाला तेव्हा मी मनगटावरचं घड्याळ बघितलं होतं. तो "नाही" म्हणाला तर विषय संपला. खिंडीत ढग उतरलेत का, वारा कसा आहे, हे त्याला कळतं. आपल्याला फक्त फोटो दिसत असतो.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावून वळणं घेतली की पोट ढवळतंच. दोन मिनिटं फोटो, मग अर्धा मिनिट क्षितिजाकडे बघणं. मी खिशात आलेपाकाच्या वड्या ठेवतो, इथल्या वैमानिकांनाही त्यांची चटक लागलीय. नाश्ता हलका करा, पण उपाशी जाऊ नका.

वॉशबर्न यांचं नाव इथे निघतंच. बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयाचे संचालक ब्रॅडफर्ड वॉशबर्न १९३६ पासून या डोंगरांवर उडून फोटो काढत होते. विमानाचं दार काढून, स्वतःला दोराने बांधून, जवळजवळ २४ किलोचा कॅमेरा हातात धरून. माझी बोटं गारठली की मी तो आकडा आठवतो. पातळ हातमोजे आत आणि जाड वर घालायचे. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायची, थंडीत ती बघता बघता उतरते.

उतरल्यावर गार कॅमेरा थेट कॉफीच्या दुकानात नेऊ नका, भिंगावर दव धरतं. बॅगेची चेन लावून ती तासभर तशीच राहू द्या. कार्ड हवं तर बाहेर थंडीतच काढून घ्या. आणि मोबाइलवर उड्डाणाचा माग नोंदवला असेल तर त्याच रात्री फोटोंना नावं द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टोकोसिट्ना हिमनदी कुठली आणि रूथ कुठली हे सांगता येत नाही. माझ्याकडे पहिल्या वर्षीचे शंभरेक फोटो "बर्फ, बहुतेक डावीकडचा" या नावाने पडून आहेत.