वृषणातील गाठ : काय तपासावे आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे

अंडकोशात गाठ हाताला लागली की बहुतेक पुरुष ती दुखते का एवढेच पाहतात आणि दुखत नसेल तर निश्चिंत होतात. हा निकष चुकीचा आहे. वृषणाचा कर्करोग बहुधा न दुखणाऱ्या, कठीण गाठीच्या रूपानेच सुरू होतो आणि तो मुख्यतः १५ ते ४० या वयातील तरुणांना होतो. अर्थात, अंडकोशातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून आधी गाठ नेमकी कोठे आहे, ते पाहावे. कोमट पाण्याने अंघोळ केल्यावर अंडकोशाची त्वचा सैल होते. तेव्हा उभे राहून एकेक वृषण अंगठा आणि बोटे यांच्यामध्ये हलकेच फिरवावे. निरोगी वृषण गुळगुळीत, किंचित लवचीक आणि सर्व बाजूंनी एकसारखे लागते. दोहोंपैकी एक थोडे मोठे असणे किंवा एक, बहुधा डावे, जरा खाली असणे स्वाभाविक आहे. वृषणाच्या मागच्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक मऊ, वळकटीसारखा भाग लागतो. ती शुक्राणू साठवणारी नलिका असून अनेकजण तिलाच गाठ समजून घाबरतात. दर महिन्याला अशी तपासणी करावीच, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. मात्र आपले नेहमीचे काय आहे हे ठाऊक असले, तर बदल लवकर कळतो.

वृषणापासून वेगळी, मागे किंवा वर जाणवणारी मऊ गोळी बहुधा पाण्याची साधी गाठ असते. अंडकोशाच्या वरच्या भागात, विशेषतः डावीकडे, उभे राहिल्यावर फुगलेल्या शिरांचा गुंता लागत असेल आणि आडवे झाल्यावर तो ओसरत असेल, तर तो व्हेरिकोसील असण्याची शक्यता असते. आडवे होऊनही तो ओसरत नसेल, किंवा फक्त उजवीकडेच नव्याने दिसला असेल, तर डॉक्टर पोटाचीही तपासणी करतात. खोकल्यावर फुगणारी सूज जांघेतून उतरलेल्या हर्नियाची असू शकते. संपूर्ण अंडकोश हळूहळू मोठा होत असेल, तर बहुधा वृषणाभोवती पाणी साचलेले असते. यालाच हायड्रोसील म्हणतात. विदर्भात, विशेषतः गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पट्ट्यात, डासांमार्फत पसरणारा हत्तीरोग हे त्याचे एक जुने कारण आहे. तरीही तरुण वयात हायड्रोसील नव्याने झाले असेल, तर सोनोग्राफी टाळू नये, कारण साचलेल्या पाण्याआड वृषणातील गाठ लपलेली असू शकते.

गाठ प्रत्यक्ष वृषणातच असेल, वृषण आधीपेक्षा जड किंवा मोठे वाटत असेल, किंवा ओटीपोटात अथवा अंडकोशात सतत बोथट दुखत असेल, तर काही दिवसांतच डॉक्टरांना दाखवावे. ज्यांचे वृषण जन्मतः खाली उतरले नव्हते, किंवा ज्यांच्या वडिलांना अथवा भावाला वृषणाचा कर्करोग झाला आहे, त्यांनी तर मुळीच वाट पाहू नये. ताप, लघवीला जळजळ आणि दुखरी सूज ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. पण औषधांचा कोर्स पूर्ण करूनही गाठ उरली, तर सोनोग्राफी करून घ्यावी.

एका स्थितीत मात्र तासही मोजावे लागतात. अचानक तीव्र वेदना, मळमळ किंवा उलटी आणि एक वृषण वर ओढले गेल्यासारखे दिसणे, हे वृषणाला पीळ पडल्याचे लक्षण असू शकते. रक्तपुरवठा तुटलेले वृषण वाचवण्यासाठी साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते, म्हणून रात्र असली तरी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. किशोरवयीन मुले लाजेने फक्त ‘पोट दुखते’ एवढेच सांगतात. आई-वडिलांनी हे लक्षात ठेवून नेमके विचारावे.

पहिली भेट कुटुंबाच्या डॉक्टरांकडे, सर्जनकडे किंवा मूत्ररोगतज्ज्ञाकडे असू शकते. तेथे हाताने तपासणी आणि सोनोग्राफी होते. संशय असल्यास एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या रक्तचाचण्या सांगितल्या जातात. वृषणातील संशयित गाठीत अंडकोशातून सुई घालून तुकडा घेत नाहीत, तर जांघेतून शस्त्रक्रिया करून ते वृषण काढतात. घरी शेकणे, तेलाने मालीश करणे किंवा गाठ फोडण्याचा प्रयत्न करणे कटाक्षाने टाळावे.

निदान कर्करोगाचे निघाले, तरी हा सर्वांत चांगला बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. लवकर सापडल्यास ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. क्रिकेटपटू युवराज सिंगच्या छातीत आढळलेली गाठ याच कुळातील होती आणि २०१२ मध्ये केमोथेरपी घेऊन तो पुन्हा भारतासाठी खेळला. एक वृषण काढल्यावरही दुसरे निरोगी असेल, तर लैंगिक जीवन आणि अपत्यप्राप्ती बहुधा शक्य असते. मात्र पुढे मूल हवे असल्यास वीर्य गोठवून साठवण्याविषयी उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, कारण केमोथेरपीनंतर शुक्राणू किती आणि केव्हा परत येतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही.