प्रत्येक गटाला एक डबा

तीस मुलांच्या वर्गात सगळं सामान एकाच पेटीत ठेवलं, की चित्रकलेच्या तासाला पेटीभोवती झुंबड उडते. पाच-पाच मुलांचे सहा गट करा आणि प्रत्येक गटाला घट्ट झाकणाचा एक डबा द्या. डब्यात सहा शिसपेन्सिली (एक जास्तीची), दोन खोडरबर, एक गिरमिट, दोन पट्ट्या, बोथट टोकाची एक कात्री आणि रंगखडूंची पेटी ठेवा. यादी झाकणाच्या आत चिकटवा.

पेन्सिलीच्या मागच्या टोकाला गटाच्या रंगाची नेलपॉलिश लावा; स्केचपेनची खूण घामाच्या हातांनी पुसली जाते. पेन्सिल जमिनीवर आपटली की शिसं आतून तुटतं, मग कितीही टोक करा, ते गळतच राहतं. दोष गिरमिटाचा नसतो.

सगळ्यात आधी हरवतात खोडरबर. दाभणाने भोक पाडून सुतळीने डब्याला बांधा. बिनकागदाचे खोडरबर मात्र प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून दोन्ही खराब होतात, म्हणून कागदाचं वेष्टण काढू देऊ नका.

विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये टिनाच्या छताखाली मेणाचे रंगखडू मऊ पडून वाकतात. डबे कपाटाच्या वरच्या कप्प्यात नकोत, खालच्या ठेवा. पावसाळ्यात ओलसर झालेले फळ्यावरचे खडू नीट उमटत नाहीत. ऊन पडलं की वाळवून घ्या.

मोजणी सुट्टीच्या घंटेआधी, दप्तरं भरण्यापूर्वी करा. गटप्रमुख दर सोमवारी बदला.