खिशातला फोन थरथरल्याचा भास: तो कसा ओळखावा आणि कसा कमी करावा

खिशातला फोन थरथरल्यासारखा वाटतो, हात आपोआप तिकडे जातो आणि पाहावे तर ना कॉल असतो ना मेसेज. कधी कधी तर फोन खिशात नसतोच. तो टेबलावर चार्जिंगला लावलेला असतो आणि थरथर मात्र मांडीला जाणवते. हा अनुभव सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभ्या असलेल्या अडत्याला येतो, मिरजेच्या रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरला येतो आणि विश्रामबागेतल्या क्लासला जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही येतो. बहुतेक जण तो कोणाला सांगत नाहीत, आणि जे सांगतात त्यांच्या मनात आपल्याला काही झाले तर नाही ना, ही शंका असते. ही शंका आधी दूर करायला हवी. अमेरिकेत 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 290 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी 89 टक्के जणांनी असा भास झाल्याचे सांगितले होते. तो सरासरी दोन आठवड्यांतून एकदा होत होता आणि फार थोड्यांनाच त्याचा त्रास वाटत होता. म्हणजे अधूनमधून होणारा भास हा आजार नव्हे. मात्र तो दिवसातून अनेकदा होऊ लागला, हातातले काम मोडू लागला किंवा झोपेतून उठवू लागला, तर त्यावर उपाय करणे योग्य ठरते.

उपाय नेमका कुठे करायचा हे कळण्यासाठी भास का होतो ते समजून घ्यावे लागते. आपल्या त्वचेच्या खोल थरात कंपन टिपणारे पॅसिनियन कॉर्पसल नावाचे सूक्ष्म ग्राहक असतात आणि सेकंदाला सुमारे 250 वेळा होणारी थरथर त्यांना सर्वांत चांगली कळते. पँटचे कापड मांडीवर घासले, बसल्या बसल्या एखादा स्नायू उडाला, किंवा एसटीच्या खिडकीशेजारच्या बाकावर इंजिनाची थरथर पायाला लागली, तरी तिथून मेंदूकडे संदेश जातो. एरवी मेंदू अशा बारीकसारीक संदेशांकडे लक्ष देत नाही. पण एखादा फोन चुकला तर नुकसान होईल हे त्याला पक्के ठाऊक असते, तेव्हा तो अर्धवट खुणेवरच ‘फोन आला’ असा निवाडा देतो. पाहुणे यायची वेळ झाली की जिन्यातले प्रत्येक पाऊल आपल्याच दाराकडे येत असल्यासारखे वाटते, तसेच हे आहे. वाळवा-पलूस भागातल्या शेतकऱ्याची शेतीपंपाला रात्रीची लाईट असण्याची पाळी असते, त्या आठवड्यात लाईट आल्याचे कळवणाऱ्या मोबाईल स्टार्टरच्या फोनकडे त्याचे झोपेतही लक्ष असते. अशा वेळी हा भास वाढला तर त्यात नवल नाही.

ताण आणि भास यांचा संबंध तैवानमधल्या 74 इंटर्न डॉक्टरांच्या अभ्यासात फार स्पष्ट दिसला. इंटर्नशिपच्या आधी 78.1 टक्के जणांना असा भास होत होता, तिसऱ्या महिन्यात हे प्रमाण 95.9 टक्क्यांवर गेले आणि इंटर्नशिप संपल्यानंतर दोनच आठवड्यांत ते 50 टक्क्यांवर उतरले. मला यातला उतार सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मेंदूचा फोनवरचा पहारा सैल झाला की भासही ओसरतो, हे त्यातून दिसते. पुढचे सगळे उपाय हा पहारा सैल करण्याचेच आहेत.

सुरुवात खात्री करण्यापासून करावी, कारण ज्याला आपण भास म्हणतो ते पुष्कळदा खरेच व्हायब्रेशन असते. एखादे ॲप सूचना देते आणि आपण फोन उघडेपर्यंत ती निघूनही जाते. अँड्रॉइड 11 आणि त्यापुढच्या फोनमध्ये सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्स या भागात नोटिफिकेशन हिस्टरीची सोय असते. ती बहुधा बंद असते, म्हणून आधी चालू करावी. त्यानंतर थरथर जाणवली की वेळ लक्षात ठेवून त्या यादीत पाहावे. आठवडाभर एका चिठ्ठीवर वेळ, फोन ठेवण्याची जागा आणि त्या क्षणी चाललेले काम एवढेच लिहून ठेवले, तरी पुढचा मार्ग दिसू लागतो. बुलेटवरून उतरल्यावर, किंवा विट्यातल्या यंत्रमागाच्या शेडमधून बाहेर आल्यावर लगेच होणाऱ्या भासाचे कारण बहुधा त्या यंत्राच्या थरथरीत असते. तिथे फोनच्या सेटिंग्जशी झटापट करण्यात अर्थ नाही.

काही तक्रारी मात्र फोनच्या नसून शरीराच्या असतात, आणि त्या वेगळ्या काढल्याच पाहिजेत. मांडीच्या बाहेरच्या बाजूला जळजळ, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर घट्ट पट्ट्यामुळे किंवा घट्ट पँटमुळे कमरेजवळची शीर दाबली जात असण्याची शक्यता असते. स्नायू वारंवार उडताना डोळ्यांना दिसत असेल आणि त्यासोबत हातापायांतली शक्ती कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. भासापेक्षा काळजी आणि निद्रानाश यांचाच त्रास अधिक असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

खात्री झाल्यावर पहिला बदल जागेचा करावा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका रुग्णालयात 176 कर्मचाऱ्यांनी दिलेल्या उत्तरांवरचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 68 टक्के जणांना भास होत होता, आणि उपकरण छातीच्या खिशात ठेवणाऱ्यांत, ते दिवसातला अधिक वेळ जवळ बाळगणाऱ्यांत तसेच व्हायब्रेशनवर ठेवणाऱ्यांत त्याचे प्रमाण जास्त आढळले. म्हणून सदऱ्याच्या वरच्या खिशातला फोन आधी तिथून काढावा. घरी किंवा दुकानात असताना तो अंगावर न ठेवता गल्ल्याशेजारी, फडताळात किंवा पिशवीत ठेवावा; कमरेला खोचण्याची सवय असलेल्या भगिनींनीही घरातल्या वेळेपुरती त्याची एक जागा ठरवून टाकावी.

दुसरा बदल व्हायब्रेशन बंद करण्याचा. मला हा सर्वांत उपयोगी वाटतो आणि वरच्या अभ्यासातही हाच उपाय करणाऱ्यांपैकी सर्वाधिक लोकांना गुण आला होता. कॉलसाठी फक्त रिंग ठेवली की मेंदूला मांडीकडे लक्ष ठेवण्याचे कारणच उरत नाही, कारण खरा फोन आता कानाने कळणार असतो. रिंग ठेवता येत नाही अशा ठिकाणी, म्हणजे वर्गात किंवा न्यायालयात, आई-वडील, शाळा, दवाखाना अशा मोजक्या क्रमांकांनाच डू नॉट डिस्टर्बमधून वाट द्यावी. काही फोनमध्ये ठरावीक व्यक्तीसाठी व्हायब्रेशनचा निराळा ठेका ठेवता येतो. तो लांब आणि स्पष्ट ठेवला, तर कापडाच्या घासण्याशी त्याची गल्लत होत नाही.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपविषयी फार सांगायला नको. सोसायटी, भिशी, दहावीची बॅच आणि नातेवाईक यांचे सगळे ग्रुप म्यूट करावेत आणि मेसेज पाहण्याच्या दोन-तीन वेळा ठरवाव्यात.

यानंतर उरते ती हाताची सवय, आणि तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. थरथर जाणवल्याबरोबर फोन काढून पाहिला की क्षणभर हायसे वाटते, आणि नेमक्या त्याच सुटकेमुळे पुढच्या वेळी मेंदू आणखी लवकर इशारा देतो. त्यामुळे थरथर जाणवली की हात जिथे आहे तिथेच ठेवावा, सावकाश दहा अंक मोजावेत आणि खरा कॉल असेल तर रिंग चालूच राहील हे स्वतःला सांगावे. वाक्य लिहीत असाल तर ते पूर्ण करावे, भाकरी तव्यावर असेल तर ती उलटून घ्यावी आणि मगच बघावे. सुरुवातीला अस्वस्थ वाटेल, पण पाहण्याची घाई हळूहळू ओसरत जाते.

हे सगळे नियम सर्वकाळ पाळण्याचे नाहीत. 2019 आणि 2021 चे महापूर सोसलेल्या सांगलीकराला, कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आल्यावर फोन अंगापासून दूर ठेवा, असे मी सांगणार नाही. आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागले की फोन उशाशी असावा आणि रिंग मोठी असावी. त्या रात्रींत भास झाले तरी त्यांची चिंता करू नये. पाणी उतरल्यावर मात्र फोनची जागा आणि सेटिंग्ज मुद्दाम पूर्ववत करावीत, कारण पुरासाठी लावलेला पहारा विसरून तसाच राहिला, तर दिवाळीपर्यंत खिसा थरथरत राहतो.