घरच्या घरी लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल कसा बसवावा

चिखलात एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं जागचं हलत नाही, कारण साधा डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ओढ दोन चाकांत वाटणारी गिअरची जोडणी, दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो. पकड सुटलेलं चाक जेवढा टॉर्क घेऊ शकतं, तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल क्लच प्लेट किंवा हेलिकल गिअरच्या जोरावर पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क वळवतो. इथे दिलेली पद्धत मागच्या चाकांवर चालणाऱ्या, अखंड ॲक्सलच्या गाडीची आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बहुधा गिअरबॉक्सच उतरवून खोलावा लागतो. ते काम वेगळं.

नवा डिफरन्शियल घेण्याआधी तीन गोष्टी जुळवा: ॲक्सल शाफ्टच्या स्प्लाइनची (टोकावरच्या लांबट खाचांची) संख्या, बेअरिंगचं माप आणि क्राउन व्हीलचं (पिनियन या लहान दातेरी चाकाने फिरणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाचं) रेशो. काही ॲक्सलमध्ये रेशोप्रमाणे वेगळा कॅरिअर (क्राउन व्हील ज्यावर बसतं तो डिफरन्शियलचा भाग) लागतो. एबीएसची (चाकाचा वेग मोजण्यासाठीची) रिंग कॅरिअरवर असेल तर तीही पाहून घ्या. अवजारांत टॉर्क रेंच, डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारं) आणि बेअरिंग पुलर हवेतच. डायल गेज मिळणार नसेल तर हाउसिंग (डिफरन्शियलचं बाहेरचं कवच) उघडूच नका.

पुढच्या चाकांना अडण लावा, गाडी मागून उचला आणि ॲक्सल भक्कम स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. आधी ऑइल भरायचा प्लग सुटतोय का ते बघा, मगच जुनं ऑइल काढा. भरायचा प्लग गंजून बसला असेल, तर ऑइल काढून झाल्यावर ते कळून उपयोग नाही.

कव्हर काढलं की लगेच खोलत सुटू नका. क्राउन व्हीलच्या दातावर डायल गेज लावून बॅकलॅश (क्राउन व्हील आणि पिनियनच्या दातांमधली सैल जागा) मोजा, तीन-चार ठिकाणी, आणि लिहून ठेवा. मग काही दातांना मार्किंग कंपाउंड किंवा प्रशियन ब्लू लावून गिअर दोन्ही दिशांनी फिरवा आणि उमटलेल्या ठशाचा फोटो घ्या. वापरलेले दात एकमेकांशी घासून बसलेले असतात, म्हणून नव्या कॅरिअरवरही त्यांची जागा तीच राहायला हवी. पुढचं सगळं काम या आकड्याशी आणि फोटोशी ताडून पाहायचं आहे.

आता चाकं आणि ब्रेक ड्रम काढा. शाफ्ट सी-क्लिपवर असतील तर मधली पिन काढून शाफ्ट आत ढकला, क्लिप सुटतात. इतर ॲक्सलमध्ये शाफ्ट बाहेरच्या टोकाला बोल्टने धरलेले असतात. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी आणि वर-खाली अशा खुणा करा. कॅप हाउसिंगसोबतच कोरलेल्या असल्याने अदलाबदल चालत नाही. बोल्ट सैल करा, पण थोडे आटे धरून ठेवा, कारण कॅरिअर जड असतो आणि अचानक सुटून हातावर येतो. दोन्ही बाजूंच्या शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. कॅरिअर बाहेर असताना पिनियन हाताने फिरवून बघा. खरखर किंवा प्ले (सैलपणा) लागला तर आधी त्याचं बेअरिंग बदलायला हवं.

क्राउन व्हील काढताना बोल्टचे आटे उलटे तर नाहीत ना, हे मॅन्युअलमध्ये पाहा. क्राउन व्हील नव्या कॅरिअरवर बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग पुसून लख्ख करा. बारीकसा कचराही व्हील तिरकं बसवतो. बोल्ट नवे वापरा, थ्रेड लॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावा आणि समोरासमोरचे बोल्ट आलटून-पालटून, टप्प्याटप्प्याने मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत आवळा. कॅरिअरवर नवी बेअरिंग प्रेसने बसवा. क्लच प्लेटचा प्रकार असेल तर प्लेटना आधी ऑइल चांगलं मुरू द्या.

कॅरिअर जुन्याच शिमसह आत बसवा, कॅप आवळा आणि पुन्हा बॅकलॅश मोजा. नव्या गिअरसाठी तो साधारण 0.15 ते 0.25 मिलिमीटर असतो. तुमच्या जुन्या गिअरसाठी मात्र सुरुवातीला लिहिलेला आकडा धरा. बॅकलॅश जास्त असेल तर क्राउन व्हील पिनियनच्या जवळ न्यायचं. त्यासाठी एका बाजूची शिम जेवढी कमी कराल, तेवढीच दुसऱ्या बाजूला वाढवा, म्हणजे बेअरिंगवरचा दाब बदलत नाही. इथे घाई करणाऱ्याची गाडी पुढे घुंईऽ करत राहते. कॅरिअर चार-पाच वेळा काढून घालावा लागला तरी काढा. बॅकलॅश जुळला की ठसा घ्या आणि फोटोशी ताडा. बॅकलॅश बरोबर असूनही ठसा दाताच्या मुळाकडे किंवा टोकाकडे सरकलेला दिसला, तर पिनियनची खोली तपासावी लागेल. ते काम जाणकार वर्कशॉपकडे द्या.

शाफ्ट, ब्रेक, कव्हर परत बसवा. भरण्याच्या भोकातून ओघळेपर्यंत ऑइल घाला, अर्थात गाडी सपाट असताना. क्लच प्लेटच्या प्रकारात बनवणाऱ्याने सांगितलं असेल तर फ्रिक्शन मॉडिफायरही (प्लेटचं घर्षण बेताचं ठेवणारा ऑइलमधला पूरक) घाला. हेलिकल गिअरच्या प्रकाराला तो सहसा लागत नाही.

एक धोका नीट लक्षात ठेवा: यापुढे एकच मागचं चाक उचलून गाडी गिअरमध्ये चालू करायची नाही. जमिनीवरचं चाक ओढ घेईल आणि गाडी जॅकवरून उडी मारेल.

पहिल्या फेरीत मोकळ्या जागेत सावकाश इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवा, म्हणजे क्लच प्लेटना ऑइल पोचतं. नंतर ॲक्सल थंड होऊ द्या. पहिले काहीशे किलोमीटर जोर न लावता चालवा, मग ऑइल बदला. निघालेल्या ऑइलमध्ये बारीक चकाकणारी पूड दिसणं साहजिक आहे. पण धातूचे तुकडे हाताला लागले तर कव्हर पुन्हा उघडा.